सणाच्या ताटात गोड सोडून तुमच्याकडे काय 'असायलाच' लागतं?

मिरजकर_सूनबाई

गौरी-गणपती तोंडावर आलेत आणि आमच्या घरात नेहमीचा विषय सुरू झालाय म्हणून हा धागा काढतेय. गोडावरून भांडण नाहीये हं. मोदक आता नागपुरातही मिळतात, पुरणपोळी पाकिटातून अगदी मालवणात पोचलीये, गोडाचं सगळ्या महाराष्ट्राचं एकच होत चाललंय असं माझं मत. पण ताट वाढायला घेतलं की डावीकडचं मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडच्या भाज्या-आमट्या बघून घर कुठलं, तालुका कुठला आणि खरं सांगायचं तर जात कुठली हेही बरोब्बर कळतं.

मी मिरजेची, सासर रत्नागिरीचं, राहतो ठाण्यात. माहेरी गौरी उभ्या, मुखवट्याच्या. आल्या दिवशी भाकरी आणि शेपूची भाजी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, कोशिंबिरी, तळण आणि पंचामृत (दूध-दह्याचं नाही हं, शेंगदाणे-काजू-मिरच्यांचं, चिंच-गुळातलं). पंचामृत वाढलेलं नसेल तर आजी नैवेद्य दाखवूच द्यायची नाही. सासरी खड्याच्या गौरी, नैवेद्याला घावन-घाटलं, आणि अळूचं फदफदं हवंच. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना मी हौसेनं पंचामृत केलं. सासूबाईंनी चव घेतली, "छान झालंय हो" म्हणाल्या आणि वाटी नैवेद्याच्या ताटात न ठेवता डायनिंग टेबलावर नेऊन ठेवली. म्हणजे माणसांना चालेल, देवाला नाही 😀 आता इतकी वर्षं झाली, सगळे बोटं चाटून खातात, पण ते अजून टेबलावरच आहे.

तर तुमच्याकडे काय असायलाच लागतं आणि बाहेरचा एखादा पदार्थ ताटात शिरला असेल तर तो कसा शिरला ते लिहा. रेसिप्या आल्या तर उत्तमच.


तिरफळ

गोव्यातल्या फोंड्याहून. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, खतखतं. बाकी सगळं चुकलं तरी चालतं पण खतखतं नाही म्हणजे चवथ झालीच नाही. तूरडाळ, त्यात सुरण, लाल भोपळा, कच्ची केळी, रताळी, मुळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, जे बाजारात असेल ते, वर ओल्या खोबऱ्याचं वाटण, आंबटाला सोलं (आमसुलं) आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. कांदा-लसूण अर्थातच नाही. भाज्या विषम संख्येत घ्यायच्या असं आई म्हणते, का ते तिलाही माहीत नाही पण मोजते मात्र दरवर्षी. तिरफळ चावायचं नसतं, कडेला काढून ठेवायचं, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हे आधी सांगावं लागतं नाहीतर जीभ बधिर होऊन बसतात.

दुसरं म्हणजे मुगागाठी. मूग मोड आणून एकेकाची सालं काढायची. हे काम आमच्याकडे पोरांना देतात, आदल्या रात्री माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट) बांधून झाली की सगळी परातीभोवती. माटोळीत काय काय बांधतात ते बघा, सुपाऱ्या, नारळ, काकड्या, दोडकी, रानातली फळं, आणि बरंचसं तेच ताटात. भाद्रपदात जे पिकतं तेच वर टांगायचं आणि तेच खाली शिजवायचं.


वऱ्हाडी_ठेचा

अमरावती. आमच्याइकडे गौरी म्हणतच नाही कोणी, महालक्ष्म्या. आणि महालक्ष्मीचं जेवण म्हणजे बाप्पा विचारू नका, एका घरी पन्नास पानं उठतात, त्या तीन दिवसात कोणाकडून आमंत्रण नाही आलं तर माणूस नाराज होतो.

पुरणपोळी असतेच, पण आमच्या ताटातलं ठरलेलं म्हणजे ज्वारीची आंबील, पडवळ घातलेली कढी आणि भरड्याचे वडे. डाळी जाडसर भरडून त्याचे वडे, त्यात हिरवी मिरची, जिरं, हळद बस. कढीत बुडवून खायचे. सोळा भाज्यांची मिक्स भाजी होते पण तिकडे लक्ष कोणाचं नसतं, ती नैवेद्यापुरती. वरून फुलोरा टांगतो, करंज्या-पापड्यांचा, लहानपणी सगळा जीव त्याच्यात.

सूनबाई, तुमच्या पंचामृताचं म्हणाल तर माझी आईही करते, तिचं माहेर सोलापूरकडचं. आमच्या ताटात ते शिरलं कारण आजी आईच्या लग्नाआधीच वारली होती, अडवायला कोणी नव्हतं. हे वाईट वाटतं ऐकायला पण खरं आहे.


मिरजकर_सूनबाई

@वऱ्हाडी_ठेचा हे वाचून मी मोठ्यांदा हसले आणि सासूबाईंनी विचारलं काय झालं. काय सांगू त्यांना?? 🙈


खापरावरची

आम्ही जळगावकडचे. तुम्ही सगळे कुरडई-पापडाला 'तळण' म्हणून एका शब्दात उडवून लावता त्याचा निषेध. खान्देशात कुरडई हा ताटाचा हक्काचा भाग आहे. खापरावरची पुरणपोळी, त्याच्यासोबत रशी, म्हणजे तुमची कटाची आमटी पण आमच्या काळ्या मसाल्याची, झणझणीत, वरती तवंग पाहिजे, भात, भजी आणि कुरडई. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आला की तर कुरडई आणखीच हवी. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, चीक शिजवताना हलवणाऱ्याचे दंड भरून येतात, आणि गच्चीवर खाटेवर पातळ साडी टाकून त्याच्यावर सोऱ्यानं पाडायच्या. हे सगळं ऐन उन्हाळ्यात. म्हणजे श्रावण-भाद्रपदातल्या ताटाची डावी बाजू आमच्याकडे एप्रिल-मेमध्येच ठरलेली असते. ज्या वर्षी वळीव मधेच येऊन कुरडया भिजवतो त्या वर्षी पोळ्यालाही आई त्याच पावसाला शिव्या देते.

आता विकतच्या येतात बचत गटाच्या, चांगल्या असतात, पण चिकाचा तो आंबूस वास नसतो. शिजलेला चीक गरम गरम तेल-तिखट टाकून खाल्लाय का कुणी? ज्यांनी खाल्लाय त्यांनाच कळेल.


चिंबोरी

मी वाचत होतो कोण लिहितंय का, कोणीच नाही म्हणून मीच लिहितो. हे सगळं एकाच प्रकारच्या घरांचं ताट चाललंय. आम्ही आगरी, उरणकडचे. गणपतीला शाकाहारी, मोदक, वाल, अळू सगळं. पण गौर माहेरवाशीण ना, माहेरी आलेल्या लेकीला आपण काय खायला घालतो? जे तिला आवडतं ते. आमच्याकडे गौरीच्या नैवेद्याला मटण आणि चिंबोऱ्या (खेकडे) असतात, वडे आणि तांदळाची भाकरी. गणपती आणि गौर एकाच मखरात असतील तर नैवेद्य दाखवताना मध्ये पडदा धरतो, गणपतीला दिसू नये म्हणून. लहानपणी तो पडदा धरायला मिळावा म्हणून आम्हा भावंडात मारामाऱ्या.

पावसानंतर चिंबोऱ्या भरलेल्या असतात, खाडी दारात, मग गौरीला दुसरं काय द्यायचं?


साजूक_तूप

@चिंबोरी नैवेद्याला मांसाहार? गौरी म्हणजे पार्वती ना. काही गोष्टी निदान सणाला तरी पाळाव्यात असं वाटतं. वैयक्तिक घेऊ नका.


चिंबोरी

वैयक्तिक नाही घेत. पण हे आमच्या आजीच्या आजीपासून चालू आहे, आणि पाळतोच आहोत की, तुमचं तुम्ही पाळता आमचं आम्ही. पडदा कशाला धरतो मग? फक्त आम्हीच नाही, कोळी, सीकेपी, कोकणातली किती तरी मराठा-कुणबी घरं, गौरीला तिखट, म्हणजे मांसाहारी, दाखवतात. विचारून बघा.


बिरडं_फॅन

सीकेपी हजर 🙋‍♀️ चिंबोरीदादांना अनुमोदन. आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य आहे, आणि गणपतीच्या दिवशी वालाचं बिरडं. वाल भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाकून सोला. तुटलेली डाळिंबी (सोललेला वाल) दिसली की माझी मावशी वाटीत वेगळी काढायची, ती नैवेद्याच्या बिरड्यात नाही. ताटात अख्खे वाल, एकाचेही दोन भाग झालेले नकोत. कोथिंबीर आणि नारळाचं दूध सढळ. धाग्यावर भांडण नको, पान सगळ्यांना मिळेल.


मिरजकर_सूनबाई

साजूक_तूप आणि चिंबोरी, दोघांनाही विनंती, इथेच थांबूया. तरी माझं मत सांगते, चिंबोरींनी लिहिलेलं हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे. तिरफळ माटोळीबद्दल म्हणाले तेच हे, दारात जे आहे ते ताटात. कोणाच्या दारात अळू, कोणाच्या दारात खाडी.


बॉटनी_बाई

उशिरा येतेय पण राहवलं नाही. कोणी ऋषीच्या भाजीचं लिहिलं नाही अजून! गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं नाही, परसात हातानं लावलेलं किंवा आपसूक उगवलेलं. पोळी-भात बंद, वरी चालते. भाजीत अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडकी, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसं. फोडणी नाही, मसाला नाही, मीठ, हिरवी मिरची, आंबटाला चिंच, वर खोबरं. दादरच्या मंडईत आदल्या दिवशी सगळं मिळून वाटे लावलेले असतात.

आता मजा बघा. मका, लाल भोपळा आणि मिरची तिन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज इथे १४९८ ला उतरले, त्यानंतर हे सगळं आपल्याकडे आलं. भेंडी आफ्रिकेकडची. म्हणजे सप्तर्षींच्या नावानं जी भाजी आपण खातो त्यातलं निम्मं कुठल्याच ऋषीनं पाहिलेलं नाही. अळू, सुरण, पडवळ हे मात्र इकडचे जुने. मिरजकर ताईंच्या पंचामृतातले शेंगदाणे आणि काजू, दोन्ही बाहेरचे. तिरफळ यांच्या खतखत्यातली रताळीसुद्धा. तरी कोणाला ते उपरं वाटत नाही, कारण नियम होता बैलाचा, भाज्यांची यादी कोणी ठरवून दिलेली नव्हती. मका परसात हातानं लावता येतो, मग चालतो. बटाटा मात्र आमच्याकडे ऋषीच्या भाजीत अजूनही घालत नाहीत, आणि विचारलं तर "नाही घालत" एवढंच उत्तर.

म्हणून सासूबाईंना सांगा, नैवेद्याच्या ताटात पाहुणे आधीपासूनच बसलेत.


पिट्सबर्गची_काकू

बॉटनी_बाई काय सुंदर लिहिलंत. मी इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला लेकीच्या सासरी जाते, जावई इकडचाच. तिथे हुबेहूब आपल्यासारखंच चालतं. टर्की सगळ्यांची एकच, तिच्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही, आणि वाद सगळे बाजूच्या बाउलांवर. विहीणबाई दक्षिणेतल्या, त्यांच्याकडे मक्याच्या ब्रेडचं ड्रेसिंग, व्याही उत्तरेकडचे, त्यांना साध्या पावाचं स्टफिंग हवं, शेवटी दोन्ही होतात आणि दोघं एकमेकांच्या बाउलातलं शिष्टाचारापुरतं चमचाभर घेतात. रताळ्यावर मार्शमेलो घालतात काहीजण, ते मला अजून जमलेलं नाही.

आणि फरसबीचं एक कॅसरोल असतं, मश्रूम सूपचा डबा ओतून वर तळलेला कांदा. मला वाटायचं पिढ्यान्‌पिढ्यांचं असेल. तर कॅम्पबेल सूप कंपनीच्या किचनमध्ये डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी १९५५ मध्ये ते काढलं, सूप खपावं म्हणून. आता ते नसेल तर सण झाला नाही म्हणणारी माणसं आहेत. सत्तर वर्षं पुरतात हो परंपरा व्हायला.

मी काय नेते? काकडीची खमंग कोशिंबीर. पहिल्या वर्षी सॅलडच्या टेबलावर होती, आता विहीणबाई फोन करून विचारतात आणतेयस ना म्हणून. क्रॅनबेरी सॉसच्या शेजारी बसते ती, आंबट-गोड दोघी.

अळूची पानं इथे इंडियन स्टोअरमध्ये मिळतात कधीकधी. हळदीची पानं मात्र शोधून दमले.


अळूला_खाज_माझ्या_जिभेला

आयडी बघून कळलंच असेल मी कशासाठी आलोय. सूनबाई, फदफद्याबद्दल एका ओळीत आटपलंत, हा अन्याय आहे. आमच्याकडे (गुहागर तालुका) अळूत भिजवलेली चणाडाळ, आठळ्या आणि थोडं ओलं खोबरं. आठळ्या मे महिन्यात फणस खाल्ले की धुवून मातीत पुरून ठेवायच्या, गणपतीला उकरायच्या. पुण्याच्या आत्याकडे त्यात आंबटचुका, मुळा, शेंगदाणे, आणि काजू तिला जास्त वाटतात म्हणून मोजून. लग्नातलं अळू म्हणतात ते हेच. दोन्ही आवडतात मला पण गणपतीला आठळ्यावालंच.

खाजेबद्दल : पानांत आणि देठांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात ते घशाला टोचतात. म्हणून भरपूर शिजवायचं आणि चिंच किंवा आमसूल घालायचंच. चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावा. देठं सोलताना वरची साल देठाच्या टोकाकडून ओढली की लांबच्या लांब निघते. काळ्या देठाचं अळू भाजीला नाही घेत आम्ही, ते वड्यांना.


शेगलाची_भाजी

सावंतवाडी. अळू वगैरे ठीक आहे, आमच्याकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं नसेल तर लोक ताटावरून उठत नाहीत, रुसून बसतात. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला. आणि गणपतीच्या आधी गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, आंबोळ्या आणि तेच सांबारं. शेवगा पावसाळ्यात भरून येतो, पाला कोवळा असतो. आता बाहेर त्याची पावडर मोरिंगा म्हणून महाग विकतात, आमची आजी काठीनं फांदी ओढून पाला ओरबाडायची.

मुंबईत चाळीत वाढलो, तिथे अष्टमीच्या आदल्या दिवशी भाजीवाला पाला घेऊन यायचा आणि अख्ख्या मजल्याची गर्दी. शेजारचे साताऱ्याचे होते, ते बघत बसायचे आम्ही कसला झाडपाला खातो म्हणून. नंतर त्याच काकू आंबोळ्यांसाठी वाटी पाठवायच्या. त्यांच्याकडून भोगीची भाजी यायची संक्रांतीच्या आदल्या दिवशी, वांगं, गाजर, पावटा, हरभरा, तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आता माझी बायको रत्नागिरीची असून भोगी करते, कारण मला लहानपणापासून ती लागते. न खाई भोगी तो सदा रोगी, असं काकू म्हणायच्या वाटी देताना.


बडोद्याचा_बापू

आम्ही बडोद्याचे मराठी, गायकवाडांच्या काळापासूनचे. आमच्याकडे भोगीला भाकरी-भाजी आणि दुसऱ्या दिवशी उत्तरायणला उंधियू, पतंग उडवून खाली आलं की. गणपतीच्या ताटात मठ्ठा नाही, कढी, आणि ती गोड. पुण्याचे नातेवाईक एक चमचा घेतात आणि विचारतात, मिठाचा डबा कुठाय. वर्षानुवर्षं हेच.


मिरजकर_सूनबाई

तीनचार जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून पंचामृत मागितलंय म्हणून इथेच टाकते, अंदाजानंच करते मी.

अर्धी वाटी शेंगदाणे भाजून सोलून, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, पाव वाटी तीळ भाजून जाडसर कूट. हिरव्या मिरच्या सातआठ, कमी तिखट, बोटाएवढे तुकडे. तेलात मोहरी, हिंग, हळद, पाचसहा मेथीदाणे, मग मिरच्या चांगल्या परतायच्या, पांढरट होईपर्यंत. मग शेंगदाणे, खोबरं, काजू. चिंचेचा दाट कोळ वाटीभर, थोडं पाणी, मीठ, चमचाभर गोडा मसाला. उकळी आली की गूळ, चिंचेइतका किंवा थोडा जास्तच. शेवटी तिळाचं कूट घालून मंद गॅसवर, कडेनं तेल सुटेपर्यंत. गरम असताना पातळ वाटलं तरी थांबा, गार झाल्यावर घट्ट होतं. काही जणी ढोबळी मिरची घालतात, मला नाही आवडत. बाहेरही तीनचार दिवस टिकतं पाण्याचा हात लागला नाही तर.

आणि सासूबाईंना बॉटनी_बाईंची पोस्ट वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, मका आणि भोपळा आले असतील बाहेरून, पण ते कोकणातून आले ना, मिरजेहून नाही आले.


बॉटनी_बाई

🤣🤣 सासूबाईंना साष्टांग. पोर्तुगीज उतरले समुद्राच्या बाजूनंच, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या त्या बरोबर आहेत.


खापरावरची

यावर वाद घालता येणार नाही, हरलात ताई. यंदा टेबलावरच ठेवा.

@वऱ्हाडी_ठेचा आंबील कशी करता ते नाही लिहिलं तुम्ही. आमच्या शेजारी अकोल्याचे आलेत राहायला, त्यांनी महालक्ष्म्यांना बोलावलंय.


वऱ्हाडी_ठेचा

ज्वारीचं पीठ आदल्या रात्री आंबट ताकात भिजवायचं, सकाळी पाणी घालून मीठ, जिरं, आलं टाकून शिजवायचं आणि सारखं हलवायचं नाही तं गुठळ्या होतात. वरून ओलं खोबरं. आमच्याकडे तिखट-मिठाची, काही घरी गूळ घालून गोड करतात. तुम्ही जेवायला जाताय तर रिकाम्या हातानं जाऊ नका, कुरडया घेऊन जा, अकोल्याचे लोक खूश होतील. आणि भरड्याचे वडे मोजून घेऊ नका, तिथे मोजलेलं चालत नाही.